भात सोडला म्हणजे वजन उतरते काय?

यंदाच्या लावणीच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी, वय पन्नाशी ओलांडलेले, सकाळी अकराच्या सुमारास चिखलात उभे असता एकाएकी घामाने डबडबले. हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. बांधावरच्या दोघातिघांना वाटले की सकाळीच घेतलेली दिसते. हे गृहस्थ दारूला शिवत नाहीत हे त्यांच्या पत्नीला ठाऊक. तिने प्रसंगावधान राखून किटलीतला गोड चहा त्यांना पाजला, वर गुळाचा खडा दिला आणि दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर आला. दवाखान्यात समजले की रक्तातील साखर फार खाली गेली होती. पुण्याच्या पुतण्याने मोबाईलवर एक 'डाएट' पाठवले होते. त्याप्रमाणे सकाळची न्याहारी बंद, भात बंद, रात्री नुसती काकडी. मधुमेहाच्या गोळ्या मात्र नेहमीप्रमाणे चालू!

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांची पत्नी म्हणाली, "फादर, चार दिवसांत दोन किलो उतरलं बी होतं की वो. मग ते खोटं कसं म्हणायचं?"

प्रश्न रास्त आहे. वजन उतरलेच नसते तर ही डाएटे एव्हाना कोणी विचारलीही नसती. वजन उतरते हे खरेच आहे. पण उतरले ते काय, आणि ते किती दिवस उतरलेले राहते, हे पाहायला हवे.

शेतकरी बंधूंनो, हे तुम्हाला दुसऱ्या कोणापेक्षा लवकर कळेल. मळणी करून आणलेल्या भातात 22 टक्के ओल असली आणि ते उन्हात वाळवून 14 टक्क्यांवर आणले, तर 100 किलोचे काट्यावर साधारण 91 किलो भरते. नऊ किलो गेले कुठे? दाणा एकही कमी झालेला नसतो, गेले ते पाणी. आपल्या शरीराचेही तसेच आहे. भात, भाकरी, साखर यांतून मिळणाऱ्या पिष्टाचा थोडा साठा, साधारण चारपाचशे ग्रॅम, शरीर यकृतात आणि स्नायूंत राखून ठेवते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. भात-भाकरी एकदम बंद केली की हा साठा दोनतीन दिवसांत खर्च होतो, पाणी लघवीवाटे निघून जाते आणि काटा दीड-दोन किलो खाली येतो. चरबी होती तिथेच असते. एका रविवारी पोटभर जेवले की ते पाणी परत आलेच.

चरबीचा हिशेब निराळा आहे. एक किलो चरबीत सुमारे 7,700 उष्मांक असतात. दिवसाला 2,400 उष्मांक खर्चणाऱ्या माणसाने पाण्यावाचून काहीच घेतले नाही तरी दिवसाकाठी पाव-तीनशे ग्रॅमच चरबी जळेल. मग 'आठवड्यात पाच किलो' असे जो सांगतो तो पाण्याचे वजन चरबीच्या भावाने विकतो. (अडत्याने आपले ओले भात वाळलेल्याच्या भावाने घेतलेले कोणी पाहिले आहे काय?)

ही टूम आजची नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा अंत्यविधीचे सामान पुरवणारा व्यावसायिक होता. उंची पाच फूट पाच इंच, वजन 202 पौंड, जिना उतरायचा तो उलटा. त्याच्या डॉक्टरांनी पाव, साखर, बटाटे, दूध आणि बीअर बंद करायला सांगितले, आणि सुमारे वर्षभरात त्याचे 46 पौंड वजन उतरले. 1863 साली त्याने त्यावर एक पुस्तिका छापली. ती इतकी खपली की इंग्रजीत त्याच्या आडनावाचे क्रियापदच झाले. त्यानंतर 1972 साली अमेरिकेत डॉ. अ‍ॅटकिन्स यांचे पुस्तक आले, आता कीटो आला. गाभा बराचसा तोच. आपल्याकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितलेला दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याचा मार्ग घराघरांत पोचला. त्याची मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची. तो पाळणाऱ्यांना गुण येतो, यात मला नवल वाटत नाही. मधल्या वेळचा गोड चहा, बिस्किटे, शेव-चिवडा हे सारे बंद झाल्यावर दुसरे काय होणार?

मात्र सगळीच डाएटे इतकी निरुपद्रवी नव्हती. 1976 साली अमेरिकेत जनावरांची कातडी आणि शिरा यांपासून केलेल्या एका पातळ प्रथिनावर राहण्याची टूम निघाली. ते घेणाऱ्यांपैकी पन्नासाहून अधिक जणांच्या मृत्यूची नोंद झाली. त्यांतले कित्येक हृदयाचे ठोके बिघडून अचानक गेले.

आता कोणते डाएट चांगले, हा वाद. तो मोजून पाहिलेला आहे. 2005 साली अमेरिकेत 160 जणांना चार वेगवेगळी नावाजलेली डाएटे वाटून दिली. एकात पिष्ट कमी, एकात स्निग्ध पदार्थ कमी, बाकीची दोन मधली. वर्षअखेर चारही गटांचे सरासरी वजन दोन ते सव्वातीन किलो इतकेच उतरले होते, आणि कडक दोन डाएटांत तर जवळजवळ निम्म्या लोकांनी ते अर्ध्यावर टाकले होते. ज्याने जितके पाळले तितके त्याचे उतरले, डाएटाचे नाव कोणतेही असो. 2018 साली 609 जणांवर पुन्हा एक प्रयोग झाला. बारा महिन्यांनी कमी स्निग्धवाल्यांचे 5.3 किलो आणि कमी पिष्टवाल्यांचे 6 किलो उतरले. या सातशे ग्रॅमांसाठी घरोघर किती भांडणे झाली असतील ते देव जाणे.

खरी अडचण पुढेच आहे. वैशाखात चाऱ्याविना वाळलेली म्हैस तुम्ही पाहिली आहे. पावसाचा पहिला हिरवा चारा मिळाला की तीच म्हैस बाराही महिने चांगले खाणाऱ्या म्हशीपेक्षा झपाट्याने अंगाने भरते. उपासमार झालेले शरीर अन्न येताच आधी साठा करते. माणसावर हेच 1944-45 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी तपासले. विवेकाला स्मरून युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले 36 निरोगी तरुण स्वखुशीने त्यात सामील झाले. 24 आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवले. वजन पावपट घटले. पण त्याबरोबर ते थंडीने कुडकुडू लागले, चिडचिडे झाले, जेवणाचीच स्वप्ने पाहू लागले, काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांची चरबी पहिल्यापेक्षाही वर गेली. 2011 साली मेलबर्नमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. डाएट करून वजन उतरवलेल्यांच्या रक्तात भूक वाढवणारी द्रव्ये वर्ष उलटले तरी चढलेलीच होती. तेव्हा वजन परत वाढलेल्या माणसाला 'तुझ्यात निग्रहच नाही' असे म्हणून हिणवू नये. त्याचे शरीर दुष्काळ पडला असे समजून चालत असते.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी उपवासकाळात मी चाळीस दिवस भात आणि पाव सोडला. चार किलो उतरले. लोक विचारत, मी कौतुकाने सांगे. मृगापर्यंत पाच किलो परत आले. उपवासकाळातला त्याग काट्यावर मोजण्यासाठी नसतो, हे मी दरवर्षी वेदीवरून सांगतो, आणि त्या वर्षी दर सोमवारी काट्यावर उभा राहत होतो तोही मीच.

मग स्थूलपणाचे काहीच करू नये काय? करायलाच हवे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी 11.4 टक्के लोक मधुमेही आढळले, आणि घाटाखाली आपल्या सोयऱ्यांच्या गोव्यात 26.4 टक्के, हे प्रमाण देशात सर्वांत जास्त. आपल्याकडे गोम अशी की काट्यावर हलका दिसणारा माणूसही सुटत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात 21.2! म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. श्वास सोडून कंबर मोजावी. पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या वर गेली तर दवाखान्यात जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

यावर गुण आलेले उपाय साधे आहेत. अमेरिकेत 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना वजन 7 टक्के उतरवायला, म्हणजे 80 किलोच्या माणसाला साडेपाच किलो, आणि आठवड्याला 150 मिनिटे चालायला सांगितले; मधुमेह होणाऱ्यांचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. चेन्नईत 531 जणांवर असाच प्रयोग झाला, 2006 साली त्याचे निष्कर्ष आले. तिथे चालणे आणि जेवणातला बदल यांनी मधुमेह 28.5 टक्क्यांनी कमी झाला, आणि गंमत म्हणजे लोकांचे वजन फारसे उतरलेच नव्हते. काटा हलला नाही म्हणून कोणी चालणे सोडू नये.

आमचे आजोबा ताटात भाताची रास घेत, पाच-सहा भाकऱ्या खात आणि पोट सुटत नसे, असे पुष्कळजण सांगतात. खरे आहे. पण एक एकर रान वीत-वीत अंतरावर तास घेऊन नांगरायचे तर बैलांमागे सतरा-अठरा किलोमीटर चाल होते. आता पॉवर टिलर आला, मळणीला यंत्र आले, शेतावर जायला मोटरसायकल आली. यंत्रे वाईट नव्हेत. ताटातली रास मात्र आजोबांचीच राहिली.

म्हणून भात सोडू नका, त्याचे माप बदला. दोन मुदींच्या जागी एक मूद, आणि रिकाम्या जागी डाळ, उसळ, परसातली भाजी, मिळेल तेव्हा मासळी किंवा अंडे. आधी भाजी-आमटी खाऊन मग भात घेतला तर तो आपोआप कमी लागतो. चहा दिवसातून पाच वेळा आणि दर वेळी दोन चमचे साखर म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर झाली. ती निम्मी केली तरी वर्षाचा फरक मोठा आहे. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून सुटका नाही. उसाच्या पट्ट्यातल्या लोकांना हे आवडणार नाही, पण उष्मांकाच्या हिशेबात दोन्ही जवळजवळ सारखेच. नाचणीचेही तेच. तिच्यात 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, बायकामुलांना ती जरूर द्यावी. पण नाचणीच्या चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्याच. लिंबूपाण्याने चरबी वितळत नाही. सकाळी ते पिऊन बरे वाटत असेल तर खुशाल प्यावे.

आता कोणी डाएटाच्या वाटेला मुळीच स्वतःहून जाऊ नये ते सांगतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढत्या वयाची मुले, मूत्रपिंडाचा आजार असलेले, आणि मधुमेहाची औषधे घेणारे. इन्शुलिन, तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या पोट रिकामे असले तरी साखर खाली ओढतच राहतात. ज्या गोळीच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते ती घेणाऱ्याने भात-भाकरी एकदम तोडली तर रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकते. जेवण बदलण्याआधी डॉक्टरांना विचारून औषधाचे माप बदलून घ्यावे; गोळी आपल्या मनाने बंद करणेही तितकेच घातक.

आणि शेतात कोणाला असा घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे भरकटले, तर तो पिऊन आला असे ठरवण्याआधी त्याला साखरेचा आजार आहे काय ते विचारा. शुद्धीवर असेल व गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांत आराम न पडल्यास पुन्हा तेवढीच द्या, आणि बरे वाटल्यावर काहीतरी खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर निजवा आणि ताबडतोब वाहन बोलवा.

सुरुवातीला सांगितलेल्या गृहस्थांना डॉक्टरांनी औषध बदलून दिले आहे. ते आता सकाळी एक भाकरी आणि उसळ खाऊनच शेतावर जातात, मोटरसायकल घरी ठेवून चालत. गेल्या महिन्यात त्यांची कंबर दोन सेंटिमीटर कमी भरली. वजन म्हणाल तर एक किलोसुद्धा उतरलेले नाही. पत्नीच्या पदराला गुळाचा खडा अजून बांधलेला असतो.