शेवाळाची बेगमी



उणकलच्या तळ्याकाठी फिरायला गेल्यावर काठालगतचे हिरवट पाणी आपण कधी ना कधी पाहिले असेल. असा हिरवा रंग बहुधा सूक्ष्म शेवाळामुळे येतो. त्याची एकेक पेशी डोळ्यांना दिसत नाही, पण सूक्ष्मदर्शकाखाली थेंबभर पाण्यातही कितीतरी पेशी सापडतात. त्यांतील काही जाती अंगात तेल साठवतात आणि त्या तेलापासून बायोडिझेल बनवता येते. मग तळ्यातल्या शेवाळावर आपल्या बसगाड्या का धावत नाहीत?

याचे उत्तर शेवाळाच्या खाण्यापिण्यात आहे. सूर्यप्रकाश, पाणी आणि कर्बवायू यांपासून शेवाळ आपले अन्न तयार करते. मात्र नव्या पेशी घडवायच्या तर प्रथिने आणि हरितद्रव्य लागते, आणि त्यांसाठी नत्र हवे. तेलात कर्ब, हायड्रोजन व प्राणवायू असतात, नत्र नसते. पाण्यातील नत्र संपले की नवीन पेशी बनणे मंदावते, पण ऊन तर पडतच असते. अशा वेळी साठलेला कर्ब काही जाती स्टार्चच्या, तर काही तेलाच्या रूपाने बाजूला ठेवतात. आपल्या घरी पावसाळ्यापूर्वी आजी बेगमी करून ठेवते, तसेच हे.

म्हणजे शेवाळ उपाशी ठेवले की भरपूर तेल मिळेल? येथेच खरी गोम आहे. एक काल्पनिक हिशेब करू. चांगले खत दिलेल्या हौदात १०० ग्रॅम शेवाळ वाढले व त्यात २० टक्के तेल निघाले, तर तेल झाले २० ग्रॅम. उपाशी हौदात तेलाचे प्रमाण ४० टक्के झाले, पण शेवाळच ४० ग्रॅम वाढले, तर तेल अवघे १६ ग्रॅम! टक्केवारी दुप्पट झाली, पण पदरात कमीच पडले.

अमेरिकेने १९७८ ते १९९६ या काळात शेवाळापासून इंधन मिळवण्याचा मोठा सरकारी प्रकल्प चालवला. त्यासाठी ३००० हून अधिक वाण गोळा केले. त्यांनाही हाच अनुभव आला. न्यू मेक्सिको राज्यातील रॉसवेल येथे त्यांनी उघडे हौद बांधले होते. तेथे रात्रीच्या थंडीने वाढ खुंटली. पुढे २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी नॅनोक्लोरॉप्सिस गॅडिटाना या जातीच्या एका जनुकाचे काम कमी केले. तेव्हा वाढ फारशी न घटता तेल सुमारे २० वरून ४० टक्क्यांच्या वर गेले. पण प्रयोगशाळेतले यश स्वस्त इंधनापर्यंत अजून पोहोचलेले नाही.

प्रकाशाचेही तसेच आहे. ऊन कमी पडले तर वाढ थांबते, फार झाले तर पेशींना इजा होते. दाट शेवाळात वरच्या पेशींची सावली खालच्यांवर पडते. म्हणून हौद उथळ ठेवतात व पाणी सतत ढवळतात. आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन भरपूर, पण पावसाळ्यात आभाळ दिवसेंदिवस भरलेले. तेव्हा बारा महिने सारखे उत्पन्न कसे मिळणार?

आता पुन्हा तळ्याकडे वळू. तळ्यात सांडपाणी मिसळले की नत्र व स्फुरद मुबलक मिळते. तेथील शेवाळ पोटभर खाऊन वाढते, त्यामुळे तेलाची बेगमी करण्याची त्याला फारशी गरज नसते. शिवाय ते मेल्यावर कुजते, पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे गुदमरतात. हिरवेगार तळे म्हणजे तेलाची खाण नव्हे, तो धोक्याचा इशारा आहे. यावर शास्त्रज्ञांनी सुचवलेली एक वाट अशी : पहिल्या हौदात सांडपाण्यावर शेवाळ वाढवावे, म्हणजे पाण्यातील नत्र कमी होईल, आणि मग तेच शेवाळ दुसऱ्या हौदात काही दिवस उपाशी ठेवावे.

घरी करून पाहा : दोन काचेच्या बरण्यांत एक दिवस शिळे केलेले नळाचे पाणी व चमचाभर हिरवे पाणी घाला. एकीत कुंडीच्या खताची चिमूट टाका. दोन्ही उजेडात ठेवून तीन आठवडे रोज रंग लिहून ठेवा. रंगावरून तेल कळत नाही, वाढ मात्र कळते. हात साबणाने धुवा आणि वही विज्ञानाच्या बाईंना नक्की दाखवा.