पडून असलेल्या बॅटरीचे वय

कपाटातली बॅटरी झिजत नाही, असे मी बरीच वर्षे समजत होतो. जुन्या लॅपटॉपचे सुटे सेल पूर्ण चार्ज करून जपून ठेवले. पुढे मोजले, तर तेही चांगलेच थकलेले निघाले. लिथियम-आयन सेलमध्ये ग्रॅफाइटवर एक पातळ थर धरतो. तोच सेलला सांभाळतो आणि जाड होताना त्यातलेच लिथियम खातो. सेल पडून असला तरी हे चालूच राहते. उष्णतेने आणि पूर्ण चार्जने अधिक वेगाने.

म्हणून घाईची चाचणी फसवते. दिवसाला दहा आवर्तने केली, तर हजार आवर्तने शंभर दिवसांत उरकतात. त्यांत दहा वर्षांचा काळ मात्र येत नाही. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने वेगळी वाट धरली. प्रत्येक आवर्तनात किती विद्युतभार घातला आणि किती परत मिळाला, हे कमालीच्या अचूकतेने मोजायचे. ०.९९९० आणि ०.९९९९ ही गुणोत्तरे साध्या उपकरणाला सारखीच. पण ढोबळ हिशेबाने हजार आवर्तनांनंतर पहिल्यात सुमारे ३७ टक्के उरतात, दुसऱ्यात ९०.

माझ्या मीटरला हा फरक दिसत नाही. मी सेल अर्ध्या चार्जवर ठेवतो आणि वर तारीख लिहितो.