घोडा, वजन आणि भाव

१ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा ती फक्त शनिवार-रविवारी धावायची, आणि पुण्याच्या रेसला निघालेले मुंबईकर तिचे हक्काचे प्रवासी होते. गाडी पुढे रोजची झाली, पण रेसचं वेळापत्रक अजूनही त्याच वळणाचं आहे. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ सालचं. दोन्ही ठिकाणच्या रेस रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. शनिवार आला की हातात रेसकार्ड घेतलेली माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : आज कोण?

माझ्या मते गोंधळ या प्रश्नापासूनच सुरू होतो. कोण जिंकेल हे नेमकं कोणालाच सांगता येत नाही. या वजनाला, या अंतरावर, आजच्या जमिनीवर एखाद्या घोड्याची शक्यता किती, याचा अंदाज मात्र अभ्यासाने बांधता येतो. मग पाहायचं इतकंच की त्या शक्यतेच्या मानाने मिळणारा भाव पुरेसा आहे का. रेसबद्दलचे बहुतेक गैरसमज या दोन गोष्टींची गल्लत केल्याने झालेले आहेत.

सर्वांत पसरलेला समज म्हणजे ‘मागच्या रविवारी आरामात जिंकला, आजही तोच.’ आपल्याकडच्या बहुसंख्य रेस हँडिकॅप असतात हे यात विसरलं जातं. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग दिलेलं असतं आणि त्यावरून त्याचा वर्ग ठरतो. चौथ्या वर्गाची रेस साधारण २० ते ४६ रेटिंगच्या घोड्यांची, तिसऱ्याची ४० ते ६६ ची. रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो वजन. म्हणजे ४० रेटिंगचा घोडा ३० रेटिंगच्या घोड्यापेक्षा ५ किलो जास्त घेऊन धावतो. हे वजन जॉकी आणि खोगीर धरून मोजतात, कमी पडलं तर शिशाच्या पट्ट्या घालून पुरं करतात, आणि रेस संपल्यावर जॉकीला पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं.

आता गेल्या आठवड्यात तीन लांबींनी, म्हणजे तीन घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, जिंकलेला घोडा घ्या. रेटिंग ठरवणाऱ्या हँडिकॅपरने त्याला आठ गुण वाढवले, तर पुढच्या वेळी त्याच घोड्यांशी पळताना त्याच्या पाठीवर चार किलो जास्त येणार. मैलाच्या म्हणजे १६०० मीटरच्या रेसमध्ये किलो-दीड किलो म्हणजे साधारण एक लांबी, असा ढोबळ हिशेब रेसची माणसं धरतात. त्या हिशेबाने मागच्या वेळचा सगळा फरक पुसला गेला. हँडिकॅपरचं कामच ते आहे. सगळे घोडे विनिंग पोस्टवर एका रेषेत यावेत असं वजन वाटणं हे त्याच्या कौशल्याचं टोक. त्याच्याइतका बारकाईने निकाल वाचणारा माणूस रेसकोर्सवर दुसरा नसतो, तरी प्रेक्षकांत त्याचं नावही कोणी घेत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

अर्थात जिंकलेला घोडा पुन्हा जिंकतच नाही असं नव्हे. तरुण घोडा वजन वाढण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने सुधारत असतो, आणि हँडिकॅपरला त्याची खरी उंची कळेपर्यंत तो दोन-तीन रेस मारून जातो. वर्ग बदलला तर चित्र आणखी बदलतं. चौथ्या वर्गात जड वजन घेऊन जिंकलेला घोडा तिसऱ्या वर्गात हलक्या वजनाने उतरतो. वजन बघून लोक खूश होतात, पण तिथले सोबती अधिक वेगवान आहेत हे विसरतात. उलट बाजूने, चार-पाच रेस मागे राहिलेल्या घोड्याचं रेटिंग हळूहळू उतरत असतं. ज्या वजनाला तो पूर्वी जिंकला होता त्याच्या जवळ तो आला, की त्याच्या नावापुढच्या वाईट आकड्यांकडे नव्याने बघायला हवं. शिकाऊ जॉकीला मिळणारी वजनाची सवलतही याच हिशेबात धरायची. चांगल्या जॉकीने एखाद्या घोड्यावर बसायचं कबूल केलं ही माहिती उपयोगाची असते, पण ती सगळ्यांनाच दिसते आणि भावात आधीच उतरलेली असते.

डर्बीचं गणित वेगळं. तिथे हँडिकॅप नसतं. सगळे नर घोडे एकाच वजनाला पळतात आणि घोड्यांच्या मानाने घोडीला थोडी सवलत असते. त्यामुळे ‘घोडी काय डर्बी जिंकणार’ हा समजही मुळात चुकीचा. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी जिंकली ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटीफुल या घोडीने, आणि २०१० साली जॅकलिननेही नरांना मागे टाकून तीच रेस मारली. आणखी एक. इंग्लंडमधल्या एप्समची डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची, म्हणून आपलीही तशीच असणार असं अनेकांना वाटतं. आपली चार वर्षांच्या घोड्यांची असते. सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. एप्समची डर्बी जूनमध्ये होते आणि आपली साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. त्यामुळे कागदावर वर्षाचा दिसणारा फरक प्रत्यक्षात आठ महिन्यांचा असतो.

‘मोठ्या घराण्याचा घोडा आहे, महाग घेतलाय,’ या युक्तिवादाला फार उत्तर द्यायची गरज नाही. १९८३ साली अमेरिकेत केंटकीतल्या लिलावात दुबईच्या शेख मोहम्मद यांनी स्नाफी डान्सर हा शिंगरू १ कोटी २ लाख डॉलरला घेतला. तो एकाही रेसमध्ये धावला नाही. त्याआधी काही वर्षं अवघ्या १७,५०० डॉलरला विकल्या गेलेल्या सिअॅटल स्लूने १९७७ साली अमेरिकेची ट्रिपल क्राउन जिंकली. वंशावळीवरून घोड्याला लांब अंतर झेपेल का याचा अंदाज येतो, आणि तोही तो अजून फारसा धावलेला नसतो तेव्हाच. दहा रेस झाल्यावर आईबापांपेक्षा त्याचे स्वतःचे निकाल जास्त सांगतात.

जमिनीकडे मात्र लोक फारच कमी लक्ष देतात. ट्रॅक किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटरने मोजतात आणि तो आकडा जाहीर करतात. आकडा जितका मोठा तितकी जमीन मऊ. पुण्यात ऑगस्टच्या पावसाने भिजलेल्या हिरवळीवर पाय रुतत असताना नेटाने धावणारा घोडा महालक्ष्मीला जानेवारीच्या टणक जमिनीवर तसाच धावेल याची खात्री नाही. पुण्यातल्या यशावरून मुंबईच्या हंगामाच्या सुरुवातीला घोडे निवडणारे नेमके इथे फसतात. सकाळच्या कसरतीच्या वेळांचंही तसंच. ही कसरत बहुधा वाळूच्या ट्रॅकवर होते. त्या वेळी घोड्यावर कोण बसलंय, किती वजनाचा आहे, त्याला घोडा मोकळा सोडायला सांगितलंय की आवरून धरायला, हे छापलेल्या सेकंदांत दिसत नाही. एकाच घोड्याच्या आठवड्या-आठवड्यांच्या वेळा शेजारी ठेवल्या तर त्याची तयारी वाढतेय का ते कळतं. दोन वेगळ्या तबेल्यांतल्या घोड्यांच्या वेळांची तुलना करून फारसं काही हाती लागत नाही.

आणि मग येते ‘खबर’. तबेल्यातून आलेली, सईसाने सांगितलेली, मालकाच्या मित्राकडून ऐकलेली. तबेल्यातल्या माणसाला आपला घोडा ठणठणीत आहे की नाही हे नक्की माहीत असतं, पण समोरच्या नऊ तबेल्यांत काय चाललंय ते त्याला तरी कुठून कळणार? प्रत्येक रेसमध्ये तीन-चार तबेल्यांना आपलाच घोडा जिंकणार असं मनापासून वाटत असतं. शिवाय खबर तुमच्यापर्यंत आली याचा अर्थ ती आणखी शेकडो लोकांपर्यंत पोहोचली. त्यांचे पैसे पडले की भाव खाली येतो. खबर खरी ठरली तरी हातात येणारी रक्कम तेवढ्या जोखमीला पुरत नाही.

भावाची यंत्रणा समजून घेतली की हे लख्ख दिसतं. बुकीकडे पैसे लावले तर लावतानाच भाव पक्का होतो. टोटचं तसं नाही. १८६७ साली पॅरिसमध्ये जोसेफ ऑलेर यांनी काढलेली ही पद्धत : सगळ्यांचे पैसे एका पुलात जमा होतात, ठरलेला हिस्सा कापला जातो, उरलेली रक्कम जिंकणाऱ्या तिकिटांत वाटली जाते. शेवटचा आकडा खिडकी बंद झाल्यावरच कळतो. म्हणून ‘क्लबला आपण हरलेले हवे असतो’ हा समज टोटपुरता निराधार आहे. कोणीही जिंकलं तरी क्लबचा हिस्सा तेवढाच. तुमची स्पर्धा तुमच्याच रांगेत उभ्या असलेल्या माणसांशी असते.

फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा, किती वेळा जिंकतो? जगभरच्या नोंदी बघितल्या तर साधारण तीन रेसमध्ये एकदा. ज्यांना फेव्हरिट ‘कधीच येत नाही’ असं वाटतं तेही चुकतात आणि ज्यांना तो सुरक्षित वाटतो तेही. त्याच्या उलट टोकाला, शंभराला दहा हजार देणाऱ्या घोड्याचं आकर्षण आहे. अर्थशास्त्रज्ञ एरिक स्नोबर्ग आणि जस्टिन वुल्फर्स यांनी १९९२ ते २००१ या काळातल्या अमेरिकी रेसच्या लाखो नोंदी तपासून २०१० साली निष्कर्ष मांडले. दर रेसला फेव्हरिट लावणाऱ्याचं नुकसान सुमारे साडेपाच टक्के होतं. एकाला शंभर किंवा त्याहून जास्त भावाचेच घोडे लावणाऱ्याचं सुमारे ६१ टक्के. लांब भावाच्या घोड्याची शक्यता लोक सतत फुगवून बघतात, त्यामुळे त्याचा मोठा दिसणारा भावही खरं तर अपुराच असतो. जॅकपॉटचं गणित याहून कठीण. त्यात पाच रेसचे विजेते ओळखायचे असतात; प्रत्येकीत दहा घोडे धरले तर शक्य जोड्या १ लाख होतात.

‘सगळं आधीच ठरलेलं असतं,’ हे वाक्य हरलेल्या प्रत्येक तिकिटामागे ऐकू येतं. घोडे आवरल्याचे, उत्तेजकं दिल्याचे प्रकार रेसच्या इतिहासात घडले आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यासाठीच रेसचं अनेक बाजूंनी चित्रीकरण होतं, घोड्यांचे नमुने तपासणीला जातात, स्टुअर्ड जॉकी-ट्रेनरला बोलावून जाब विचारतात आणि निलंबनही करतात. पण फेव्हरिट हरला की लबाडी झाली असं मानणाऱ्याने आधी तो कोणत्या गेटमधून सुटला, वळणावर बाहेरून किती फिरला, पुढच्या घोड्यांनी सुरुवातीला वेग कसा ठेवला, हे चित्रफितीत बघावं. तीनातल्या दोन वेळा त्याने हरणं हे तर नोंदींतच आहे. लबाडी समजून हे सगळं सोडून देणारा माणूस पुढच्या रेससाठी लागणारी सगळ्यात मोलाची माहिती फेकून देतो.

कायद्याबद्दलही घोळ आहे. मद्रास रेस क्लबशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली घोड्यांची रेस हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. याचा अर्थ कुठेही, कोणाकडेही पैसे लावले तर चालतात असा नाही. परवाना असलेल्या जागेबाहेर फोनवर घेतलेली बेट बेकायदाच, आणि तिथे पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नसते. कौशल्याचा खेळ म्हणजे कौशल्यवान माणूस कमावतोच, असाही त्याचा अर्थ नाही. कारण मध्ये कर आहे, आणि त्याबद्दल रेसकोर्सवर फार कमी बोललं जातं.

बेटच्या पूर्ण दर्शनी रकमेवर आधी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. म्हणजे १०० रुपयांच्या बेटसाठी खिशातून १४० जातात. तीनात एकदा जिंकणाऱ्या फेव्हरिटवर नुसती बरोबरी साधायची तरी १०० च्या तिकिटाला ४२० परत मिळायला हवेत, आणि तेवढा भाव असलेला घोडा सहसा फेव्हरिट नसतो. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आणि वर उपकर वेगळा. हरलेल्या पैशांची वजावट त्यातून मिळत नाही. रेसवर घर चालवता येईल असं कोणी सांगत असेल तर त्याला हा हिशेब कागदावर मांडायला सांगावा. मला रेस मनापासून आवडते, आणि म्हणूनच तरुण मुलांना हा हिशेब आधी दाखवावासा वाटतो.

शनिवार-रविवारची तयारी मग कशी करायची? रेसकार्ड आदल्या संध्याकाळी घ्यावं, बोर्डावरचे भाव दिसण्याआधी. आधी रेस गाळाव्यात. पहिल्यांदाच धावणाऱ्या घोड्यांच्या, दोन-तीन घोड्यांत फरकच करता येत नाही अशा. उरतील त्या दोन-तीन रेसमध्ये प्रत्येक घोड्याचं आजचं वजन, पूर्वी तो कोणत्या वजनाला आणि कोणत्या वर्गात जिंकला, अंतर, जमीन, गेट, किती दिवसांनी धावतोय, हे पाहून त्याच्या नावापुढे आपल्या अंदाजाची शक्यता लिहावी : चारात एक, सहात एक. सगळ्यांची बेरीज एकाहून जास्त झाली तर कुठेतरी हात सैल सुटलाय, पुन्हा बसावं. दुसऱ्या दिवशी पॅडॉकमध्ये घोडा मान टाकून शांत चालतोय की घामाने फेसाळलाय ते बघावं आणि गरज पडली तर आकडा खाली आणावा. चारात एक शक्यतेच्या घोड्याला कर धरून ५६० च्या वर मिळणार असतील तर खिडकीकडे जायचं. बोर्डावर ३८० दिसत असतील, तर घोडा कितीही आवडता असो, कठड्याशी उभं राहून ती रेस नुसती बघायची.