नटीच्या हातीं पुस्तक

देवळांत पुराणिकबुवा रामाचा वनवास सांगतात, तेव्हां ते कांहीं वल्कलें नेसत नाहींत. तरीही ऐकणाऱ्या बायकांचे डोळे भरून येतात. साहित्यशास्त्रकारांनीं काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले, त्यांतील श्रव्याची ही शक्ति. नटीचें राज्य मात्र दृश्याचें. तिनें वेष, हावभाव सारें बाजूस ठेवून श्रोत्यांपुढें एक प्रेमकथा नुसती वाचून दाखवावी, हें आम्हांस प्रथम विचित्रच वाटलें. फ्रान्समध्यें हा प्रकार चांगला रुळलेला आहे. तेथील विख्यात अभिनेत्री इझाबेल ह्यूपेर ह्यांनीं मार्गरीत द्युरास ह्यांच्या ‘लामां’, म्हणजे ‘प्रियकर’, ह्या छोटेखानी कादंबरीचें असें वाचन केलें आहे.

कादंबरी १९८४ सालची; त्याच वर्षीं तिला गाँकूर पारितोषिक मिळालें. लेखिका तेव्हां सत्तर वर्षांच्या होत्या. त्यांचा जन्म १९१४ सालीं सायगॉननजीक झाला व कथाही तेथलीच, फ्रेंच अमलांतली. समुद्राच्या पाण्यानें बुडणारी जमीन घेऊन आयुष्याची पुंजी गमावलेली एक विधवा शिक्षिका. तिची साडेपंधरा वर्षांची मुलगी डोकीवर पुरुषी टोपी घालून तरीनें मेकाँग नदी ओलांडीत असतां एका धनाढ्य चिनी तरुणास भेटते. संबंध जडतो. त्याचा बाप विवाहास संमति देत नाहीं, आणि मुलगी फ्रान्सला निघून जाते.

हें कुटुंबांत वाचण्याजोगें आहे काय, असें वडील मंडळी विचारतील. आमचाही जीव कचरलाच. मुलगी कोवळी, घर कर्जबाजारी, पैसा त्याचा, आईची कधीं मारहाण तर कधीं कानाडोळा: ह्यास निखळ प्रेम म्हणावयास आम्ही आजही तयार नाहीं. पण लेखिका तरी तसें कोठें म्हणते? निवेदन करणारी स्त्री वृद्ध आहे. आरंभींच ती आपल्या उद्ध्वस्त चेहऱ्याविषयीं बोलते. त्या मुलीस ती कधीं ‘मी’ म्हणते, कधीं ‘ती’. डोळ्यांनीं वाचतांना हा पालट निसटून जातो. मोठ्यानें वाचणारीस मात्र प्रत्येक ‘ती’पाशीं ठरवावें लागतें, कीं ह्या मुलीस आपली म्हणावयाचें, कीं दुरून पाहावयाचें.

१९९२ सालीं झां-झाक आनो ह्यांनीं ह्या कथेचा बोलपट काढला. पडद्यावर तरुण देह दिसूं लागले कीं हा प्रश्नच उरत नाहीं. पाहणारा पाहत बसतो. त्यांतलें आमच्या स्मरणांत राहिलें तें झान मोरो ह्यांच्या घोगऱ्या, वयस्क स्वरांतलें निवेदन. दिग्दर्शकाशीं न पटल्यामुळें द्युरास ह्यांनीं १९९१ मध्येंच तीच कथा ‘उत्तर चीनचा प्रियकर’ म्हणून पुन्हा लिहिली होती.

कादंबरीच्या शेवटीं, युद्धानंतर पुष्कळ वर्षांनीं, तो प्रियकर पत्नीसह पॅरिसला येतो व तिला दूरध्वनि करतो. आवाजावरूनच ती त्याला ओळखते. दोघें एकमेकांस पाहतच नाहींत. ह्या प्रसंगीं नटीला आपल्या चेहऱ्याचा कांहीं उपयोग नाहीं.