शालहूब यांचा तर्क आणि नंतरची 50 वर्षं

1974 साली 'द लॅन्सेट'मध्ये रॉबर्ट शालहूब यांनी मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोमविषयी एक धाडसी तर्क मांडला. या आजारात लघवीतून अल्ब्युमिन वाहून जातं आणि अंगावर सूज चढते. तरी बहुतेक मुलांच्या मूत्रपिंडाचा तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ निरोगी दिसतो. शालहूब यांनी बोट ठेवलं प्रतिकारशक्तीवर: टी पेशी एखादा पदार्थ सोडतात आणि मूत्रपिंडाची गाळणी सैल होते.

त्यांच्याजवळचे दाखले विलक्षण होते. गोवर आला की काही मुलांची सूज आपोआप उतरायची, कारण गोवर टी पेशींना काही काळ दाबून ठेवतो. स्टिरॉइडनेही गुण येत होताच. 

तो पदार्थ शोधण्यात दशकं गेली आणि हाती काही ठोस लागलं नाही. दिशा बदलली ती वेगळ्याच वाटांनी. 1998 मध्ये कार्ल ट्रिग्व्हासन यांच्या गटाने फिनलंडमधल्या जन्मजात नेफ्रोटिक आजाराचं जनुक शोधलं आणि गाळणीतल्या फटी सांभाळणारं नेफ्रिन हे प्रथिन ओळखीचं झालं. 2004 मध्ये रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्या म्हणून एका मुलाला रिटुक्सिमॅब दिलं, तर त्याचा जुना नेफ्रोटिक आजारही शमला. हे औषध बी पेशी नष्ट करतं. 2014 मध्ये जपानमधल्या चाचणीने त्याचा उपयोग पक्का केला. मग बी पेशी निर्दोष कशा?

उत्तर 2022 पासून मिळू लागलं: काही रुग्णांच्या रक्तात, बी पेशींपासून तयार होणारी, नेफ्रिनविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. 2024 च्या मोठ्या अभ्यासात 182 मुलांपैकी 52 टक्क्यांमध्ये ती होती. आजार सक्रिय असून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू नसलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण 90 टक्के निघालं. उंदरांत नेफ्रिन टोचून अशी प्रतिपिंडं निर्माण केली, तर त्यांनाही तोच आजार झाला. अशा रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या बायोप्सीत या प्रतिपिंडांचे बारीक ठिपके असतात. इतकी वर्षं ते क्षुल्लक समजून सोडून दिले गेले, ही मला या साऱ्या कहाणीतली सर्वांत मोठी खंत वाटते. शालहूब यांनी प्रतिकारशक्तीला धरलं ते बरोबरच होतं. बी पेशींचा वाटा मात्र त्यांच्या तर्कातून सुटला.

सगळ्याच मुलांचा आजार याने उलगडत नाही. पण पालकांनो, सकाळी मुलाचे डोळे सुजलेले दिसले तर ॲलर्जी म्हणून सोडू नका, लघवी तपासून घ्या. आणि स्टिरॉइड सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.