'हॉटेल कॅलिफोर्निया'त सैतान नाही

ईगल्स या अमेरिकी रॉक बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे सैतानपूजेचं गाणं आहे, हे इतक्यांदा ऐकलंय की आता वैताग येतो. सांगणारा दरवेळी नवा असतो, पुरावे मात्र तेच तीन. ते एकदा नीट तपासू.

पहिला पुरावा फोटोचा. अल्बमच्या आतल्या फोटोत वर सज्जात एक अंधुक आकृती दिसते. ती म्हणे 'चर्च ऑफ सेटन'चा संस्थापक अँटन लाव्हे! हा फोटो हॉलिवूडमधल्या लिडो हॉटेलच्या लॉबीत काढला होता. लाव्हेचं घर आणि त्याचं 'चर्च' होतं सॅन फ्रान्सिस्कोत, तिथून सुमारे 600 किलोमीटरवर. सज्जातली ती व्यक्ती म्हणजे फोटोसाठी बोलावलेली एक स्त्री. मुखपृष्ठावर दिसतं ते तर बेव्हर्ली हिल्स हॉटेल, श्रीमंतांचं नावाजलेलं ठिकाण.

दुसरा पुरावा 1969 या सालाचा. गाण्यात ते येतं आणि लाव्हेचं 'सेटॅनिक बायबल'ही त्याच वर्षी निघालं. पण साठच्या दशकातल्या तरुणांची स्वप्नं त्या सुमारास विरली, असा त्या ओळीचा रोख आहे. ते सामाजिक भाष्य असल्याचं गीतकार डॉन हेन्ली यांनीच सांगितलंय.

तिसरा पुरावा सर्वांत लाडका: गाणं उलटं वाजवलं की सैतानाची स्तुती ऐकू येते. कॅनडातल्या जॉन व्होकी आणि डॉन रीड या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा अभ्यास 1985 मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट'मध्ये प्रसिद्ध झाला. उलट्या वाजवलेल्या बोलण्यातून श्रोत्यांना अर्थ लागत नव्हता. मात्र 'इथे अमुक शब्द आहेत' असं आधी सांगितलं, की अनेकांना ते ऐकू यायचे. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र उलटं वाजवलं तरी हेच! म्हणजे ऐकू येतं ते टेपवरचं नव्हे, कानात आधी भरवलेलं.

मग गाणं आहे कशाबद्दल? अमेरिकी स्वप्नाची काळी बाजू आणि तिथला अतिरेक हा आपला विषय होता, असं हेन्ली यांनी 2007 मध्ये 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमात स्पष्ट केलं. ते स्वतः टेक्ससचे, सहगीतकार ग्लेन फ्राय डेट्रॉइटचे. लॉस एंजेलिसची चैन, नशा आणि प्रसिद्धी त्यांनी बाहेरून येऊन अनुभवली होती.

आणखी काही गैरसमज:

- हे हॉटेल मेक्सिकोत तोदोस सांतोसला आहे. – नाही. त्या नावाच्या हॉटेलवर ईगल्सनी 2017 मध्ये दावा लावला होता. तो 2018 मध्ये मिटला.
- चाल हेन्लींची. – मूळ चाल बँडचे गिटारवादक डॉन फेल्डर यांची, मालिबूच्या भाड्याच्या घरात सुचलेली. तिचं कच्चं नाव होतं 'मेक्सिकन रेगे'.
- शेवटचा गिटारचा तुकडा एकाच वादकाचा. – फेल्डर आणि जो वॉल्श, दोघांचा.
- लांबीमुळे सुरुवातीला चाललंच नाही. – साडेसहा मिनिटांचं असूनही मे 1977 मध्ये ते 'बिलबोर्ड'च्या यादीत पहिलं होतं. 1978 मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं.

सैतान शोधण्याच्या नादात या गाण्यातली पैसा आणि हव्यासावरची टीका लोकांच्या कानांवरून जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. सैतानपूजेचा हा दावा फॉरवर्ड होऊन पुन्हा आला, तर तो पुढे ढकलू नका. पाठवणाऱ्याला गाण्याचे शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचायला सांगा.