अपघात झाला तर बिल कोणाच्या गळ्यात पडतं?

गेल्या महिन्यात शाळा सुटताना फाट्यावर टेम्पोने एका मोटारसायकलला उडवलं. मुलगा रस्त्यावर पडलेला आणि भोवती वीस-पंचवीस माणसं. दोघं-तिघं तर व्हिडिओ काढत होते. आम्ही १०८ ला फोन लावत होतो, तेव्हा शेजारचे एक चाचा हळूच म्हणाले, "सर, तुमच्या नंबरवरून नका लावू. गाडीचं भाडं आणि दवाखान्याचं बिल तुमच्या गळ्यात पडेल."

चाचांचं मन वाईट नव्हतं, त्यांना भीती वाटत होती. गाडी आली, मुलगा वाचला. पण दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात विचारलं, तर निम्म्याहून जास्त मुलांच्या मनात हीच भीती होती. ती घरातूनच आली असणार. म्हणून हा लेख.

अशी बिलं जगात येतच नाहीत, असं नाही. अमेरिकेत काही शहरं अपघाताच्या जागी अग्निशमन दल गेलं की त्याचा खर्च वाहनचालकाकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून मागतात. लोक त्याला 'क्रॅश टॅक्स' म्हणतात. न्यूयॉर्कनेही २०१० च्या अखेरीस असा आकार लावायचं जाहीर केलं होतं. लोकांनी विरोध केला आणि महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी तो बेत सोडून दिला. विरोध करणाऱ्यांचा एक सवाल साधा होता: बिलाच्या धास्तीने कुणी फोनच केला नाही तर? आपल्याकडे तर बिल नसतानाही लोक फोन करायला घाबरतात.

गाडीचं भाडं

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते. तिच्यात डॉक्टर असतो आणि रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. फोन करणाऱ्याकडून तर नाहीच नाही. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ लावा. पोलीस हवे असतील तर ११२. खासगी रुग्णवाहिका मात्र पैसे घेते. तिच्यात रुग्णाला ठेवण्याआधी दर विचारा आणि पावती मागा.

दवाखान्याचं बिल

जखमी माणूस दारात आला की आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. दवाखाना सरकारी असो की खासगी, ही जिम्मेदारी दोघांवर आहे.

मे २०२५ पासून केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजनाही लागू झाली आहे. मोटार वाहनामुळे कुठल्याही रस्त्यावर अपघात झाला, तर जखमीला योजनेतल्या रुग्णालयात अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपर्यंत, जास्तीत जास्त दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात. जवळचं रुग्णालय योजनेत नसेल, तर तिथे जखमीची प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च योजनेत बसतो. पुढचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात घ्यायचे.

कायदा कागदावर एक सांगतो आणि काउंटरवर डिपॉझिट मागितलं जातं, हेही आम्ही पाहिलंय. अशा वेळी भांडत बसू नका. "हा रस्ते अपघात आहे, कॅशलेस योजनेत नोंद करा," एवढं ठामपणे सांगा आणि ११२ ला फोन करा. पोलिसांकडे अपघाताची नोंद झाली आहे ना, याची खात्री करून घ्या. योजनेसाठी ती लागते.

मदत करणाऱ्याचं काय?

जखमीला दवाखान्यात पोहोचवलं की तुम्ही निघू शकता. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, बिल भरायची तर मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यासंबंधीच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. साक्ष द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

घरच्यांनी नंतर काय करावं?

एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, औषधांच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवा. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात होतो. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, म्हणून वकिलाकडे लवकर जा. ठोकर मारून गाडी पळून गेली असेल, तरी हात रिकामे राहत नाहीत: मृत्यू झाल्यास २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळू शकतात.

आमच्या वर्गातल्या मुलांनी १०८, ११२ आणि १०३३ हे तीन नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतले. आज रात्री जेवताना तुम्हीही घरात अम्मी-अब्बू, दादी, मुलं सगळ्यांना हे सांगा. ते चाचा भेटले तेव्हा आम्ही त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "आधी माहीत असतं तर मीच फोन लावला असता, सर."